सुईवर असलेलं सगळं

"सध्या काय विणतेयस?" असं कुणी विचारलं की मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक गुंडा, दोन सुया आणि एक स्वेटर असतो, आणि माझ्याकडे कायम तीन प्रकारचं विणकाम एकाच वेळी चालू असतं. एक डिझाइनचं, ज्याचा पुढे पॅटर्न होणार आणि लोक तो विकत घेऊन विणणार. दुसरं प्रवासातलं, बॅगेत टाकायचं. आणि तिसरं म्हणजे अर्धवट राहिलेलं सगळं, जे कपाटाच्या खालच्या खणांत भरलेलं आहे आणि ज्याबद्दल घरातले अधूनमधून "हे कधी पूर्ण होणार गं?" असं विचारतात. हात दोनच, आणि चांगला उजेडही दिवसाचे काही तासच. गडद निळी लोकर रात्री ट्यूबलाइटखाली विणून बघा, मग कळेल उजेडाचं मी का म्हणतेय.

मी पुण्यात राहते. हाताने विणायच्या कपड्यांची डिझाइन्स करते. खूप जणांना वाटतं की मी स्वेटर विणून विकते, तर तसं नाही, मी विकते ती कृती. कुठली लोकर, किती टाके घालायचे, कुठे कमी करायचे, बाही कशी जोडायची, आणि हे सगळं आठ-नऊ मापांसाठी. त्यामुळे काम सुईवर होतं त्यापेक्षा जास्त एक्सेल शीटवर होतं. आधी एक चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि मग 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके न् किती ओळी बसतात ते मोजायचं. समजा 24 टाके आले तर 100 सेंटिमीटर छातीच्या स्वेटरला 240 टाके. इथपर्यंत शाळेतलं त्रैराशिक. पण विणणारीचा हात जरा सैल असेल आणि तिचे 24 ऐवजी 23 टाके बसत असतील तर तोच स्वेटर 104 सेंटिमीटरच्या वर जातो, आणि हात घट्ट असेल, 25 बसत असतील, तर 96 वर येतो. म्हणजे त्याच लोकरीत, त्याच सुईवर, त्याच कागदावरून दोन बायकांनी विणलेल्या स्वेटरमध्ये आठ सेंटिमीटरचं अंतर. म्हणून मी प्रत्येक पॅटर्नच्या सुरुवातीलाच लिहिते की तुकडा विणा, कंटाळा करू नका, आणि धुतल्याशिवाय मोजू नका.

सुयांच्या नंबरांचंही तसंच. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत, 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे 4, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोब्बर उलटं, तिथली 10 नंबरची सुई चांगली 6 मिलिमीटरची. आईच्या डब्यातल्या सगळ्या सुयांवर जुने नंबर आहेत आणि मी आजही मनातल्या मनात "दहा नंबर" असंच म्हणते, पण कागदावर फक्त मिलिमीटर. आणि गंमत बघा, जगभरच्या विणणाऱ्यांच्या हातात त्या रंगीत लाकडी सुया दिसतात ना, निटप्रोच्या, त्या जयपूरला बनतात. परदेशात कुणी मला कौतुकाने आपली सुई दाखवली की मी हे सांगतेच.

तर हे डिझाइनचं काम टेबलावरचं. त्याला वेळ ठरलेली असते, टेस्ट निटर्स, म्हणजे पॅटर्न आधी विणून तपासणाऱ्या, वाट बघत असतात, आकडे तपासणारी एडिटर वाट बघत असते, आणि त्यात चूक चालत नाही, कारण नवव्या मापाच्या गळ्यात दोन टाके चुकले तर कुठेतरी कुणीतरी तीन आठवड्यांचं काम उसवत बसणार. मी या कामाला मान देते. पण खरं सांगू का, मला नवीन सुचलेलं जे काही आहे ते यातून फार कमी आलंय. ते आलंय त्या खालच्या खणांतून.

अर्धवट कामांबद्दल लोक अपराधी वाटून घेतात. विणणाऱ्या मैत्रिणी भेटल्या की पहिली कबुली हीच, "माझं इतकं पडलंय गं, बघवत नाही." मला हे पटत नाही. विणकाम आळसाने थांबतं तसं कधीकधी, पण बहुतेक वेळा ते एखाद्या प्रश्नापाशी थांबतं, आणि तो प्रश्न काय होता ते आपण विसरतो म्हणून नुसतं ओझं उरतं. म्हणून मी एक सवय लावून घेतली. काम बाजूला ठेवायचं तर सुई काढून घ्यायची (टाके महिनोन्महिने सुईवर राहिले की तिथे कायमची रेघ पडते, शिवाय ती सुई दुसऱ्या कामाला हवीच असते), टाके जाड सुती दोऱ्यावर घ्यायचे, आणि पिशवीत एक चिठ्ठी टाकायची. सुई किती मिलिमीटरची, लोकर कुठली, कितव्या ओळीवर आहे, आणि का थांबलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी घट्ट बंद, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि पावसाळा संपला की सगळं एकदा उन्हात काढून झटकायचं, कारण कसर लागली तर चिठ्ठी तेवढी राहील. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, खऱ्या लोकरीला लागते, आणि जितकी चांगली लोकर तितकी तिला आवडते असा माझा अनुभव आहे.

एका पिशवीतली चिठ्ठी म्हणते, "लांबी कळेना." तो सुती धाग्याचा बिनबाह्यांचा टॉप आहे, पुण्याच्या उन्हाळ्यात घालता यावा म्हणून सुरू केलेला. लोकर ताणली तरी परत जागेवर येते, सुताला ती ओढ नाही, आणि वर ते जडही असतं, त्यामुळे आडवं ठेवून मोजलं तर टॉप कमरेपर्यंत आणि अंगात घातला की दुपारपर्यंत चार बोटं खाली. यावर उपाय मला नंतर सापडला, तुकडा दोरीवर टांगायचा, खाली चिमटे लावून वजन द्यायचं आणि रात्रभर तसाच ठेवून मग ओळी मोजायच्या. त्या एका अर्धवट टॉपमुळे माझ्या पुढच्या सगळ्या सुती डिझाइन्सचं माप नीट बसलं. तो टॉप स्वतः अजून दोऱ्यावरच आहे. राहू दे.

एक काम माझं नव्हतंच. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी गेल्या आणि नंतर त्यांची मुलगी एक कापडी पिशवी घेऊन आली. आत नातवासाठी विणायला घेतलेला बिनबाह्यांचा स्वेटर, पाठ पूर्ण, पुढचा भाग निम्मा, राखाडी लोकर, 10 नंबरच्या सुया. "ताई, एवढं करून द्याल का?" आता एखादीच्या हाताचं विणकाम पुढे नेणं सोपं नसतं. आजींचा हात घट्ट, माझा सैल, त्यांच्या सुईने मी चार ओळी विणल्या तर तिथून कपडा रुंद व्हायला लागला. मग 11 नंबर घेतली, म्हणजे 3 मिलिमीटर, तेव्हा कुठे टाके त्यांच्या टाक्यांशेजारी बसले. उलट टाका त्या वेगळ्या पद्धतीने घ्यायच्या, धागा सुईवरून न्यायच्या दिशेत फरक होता, तो मी ओळखून तसाच घेत गेले. स्वेटर झाला, धुतला, तरी नीट बघितलं तर त्या कुठे थांबल्या आणि मी कुठे सुरू केलं ते कळतं. मुलीला मी ती ओळ दाखवली. तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे दिसतंय तेच बरं आहे. नंतर मला कळलं की अमेरिकेत 2022 पासून 'लूज एंड्स' नावाचा उपक्रमच आहे, गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं हातकाम पूर्ण करून देणाऱ्या स्वयंसेवकांचा. आपल्याकडेही असं कुणी सुरू केलं तर मी पहिलं नाव देईन, कारण किती घरांत अशा पिशव्या माळ्यावर असतील आणि त्या टाकवतही नसतील आणि उघडवतही नसतील.

आता प्रवास. मी कामासाठी आणि कामाशिवायही बऱ्यापैकी फिरते, आणि लोकांना वाटतं प्रवासात विणकाम म्हणजे मोकळा वेळच वेळ. डिझाइनचं काम प्रवासात होत नाही. मी प्रयत्न करून सोडून दिलंय. चार्ट, पेन्सिल, मोजपट्टी, उसवाउसवी, हे घाटातल्या एसटीत नाही चालत. प्रवासाला साधा मोजा. बारीक लोकर, 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर, म्हणजे एका गुंड्यात जोडी होते आणि खिशात मावते. छोटी गोल सुई, लाकडी, म्हणजे विमानतळावर तपासणीत कुणी काढून घेतलीच तर जीव तुटणार नाही. टाके हाताला माहीत झालेले, बघावं लागत नाही, मान वर करून खिडकीबाहेर बघता येतं. आणि अनोळखी माणूस बोलायला येतो, हे सगळ्यात मोठं. हातात मोबाईल असला तर शेजारची बाई तोंड फिरवते, हातात विणकाम असलं तर ती वाकून बघते.

हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात, केलाँगला जाताना असंच झालं. अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, 9 किलोमीटरचा, त्याआधी रोहतांग खिंडीत बर्फ पडलं की लाहौल खोरं हिवाळ्यातले कितीतरी महिने तुटलेलं असायचं. त्या बंद महिन्यांत बायका विणायच्या. हे विणकाम तिथे एकोणिसाव्या शतकात मोरेव्हियन मिशनऱ्यांबरोबर आलं, केलाँगच्या मिशनमध्ये बायकांना ते शिकवलं गेलं, आणि मग त्या बायकांनी ते इतकं आपलं केलं की आज लाहौली मोजे आणि हातमोजे म्हटलं की ओळख पटते, वरच्या भागात भडक रंगांच्या भौमितिक नक्षीचे पट्टे. त्यांना जीआय मानांकनही मिळालंय, म्हणजे ही त्याच भागाची खासियत अशी सरकारी नोंद. बसमध्ये शेजारी बसलेल्या दीदीने माझा मोजा हातात घेतला, उलटा केला, टाच नीट बघितली आणि म्हणाली, "एड़ी अच्छी है. ऊपर कुछ नहीं डाला?" मी म्हटलं नाही, साधाच. तिला ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात बसून तिने मला एक पट्टा शिकवला, मी तो चौकटीच्या वहीत उतरवला, चहा झाला, आणि निघताना तिने तिच्या हातची एक जोडी मला विकली.

पुण्यात आल्यावर मी तो पट्टा घेऊन टोपी सुरू केली. झकास दिसत होती. आकडे पण सुरेख बसत होते, पॅटर्न म्हणून चालली असती, मला दहा वर्षांत एवढं कळायला लागलंय. आणि तिथेच थांबले. चिठ्ठीवर लिहिलंय, "हे विकायचं कुणी?" लाहौली हे नाव न लावता मी तो पॅटर्न काढला असता तर कुणी अडवलं नसतं. पण हिशोब बघा. माझा पॅटर्न पाच-सहा डॉलरला जातो, एकदा लिहिला की तीच फाइल पुन्हापुन्हा विकली जाते, मी झोपलेली असताना पण विकली जाते. तिची जोडी एकदाच विकली जाते आणि पुढची जोडी विकायची तर पुन्हा पहिल्या टाक्यापासून विणायची. तिच्याकडून एका चहावर घेतलेली नक्षी माझ्या दुकानात कायमची विकत राहणार, हे मला जमेना. टोपी मी पुरी करणार आहे, माझ्यासाठी, थंडीत मिरवणार पण आहे, कुणी विचारलं तर कुठली ते सांगणार आहे. पॅटर्न नाही काढणार. जुनी नक्षी सगळ्यांचीच असते, असं माझ्या क्षेत्रातल्या चांगल्या चांगल्या लोकांचं मत आहे आणि त्यात तथ्य आहेच, विणकाम पसरलंच तसं. तरीही जिथे नक्षी करणारी माणसं आजही त्यावर पोट भरतायत तिथे मी हात लावणार नाही.

शेटलंडला गेले तेव्हा हाच विचार पुन्हा समोर आला. स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं, अॅबर्डीनहून संध्याकाळी बोट निघते आणि सकाळी लर्विकला पोचते, आणि दरवर्षी तिथे लोकरीचा आठवडा भरतो, 2010 पासून. अर्ध्या जगातले विणणारे तिथे उतरतात. पण मला तिथला इतिहास जास्त भिडला. तिथल्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी खणून काढलेल्या मातीची, टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला भोकं, त्यात एका सुईचं टोक खोचायचं म्हणजे तो हात मोकळा होतो. (मी तो पट्टा वापरून बघितला. वेग येतो, पण सवय लागायला वेळ हवा.) आणि इतकं विणून त्यांच्या हातात रोख पैसे पडत नसत, व्यापारी मोज्यांच्या, शालींच्या बदल्यात चहा आणि कापड द्यायचे. यावर 1872 मध्ये सरकारी चौकशी झाली, बायकांनी तिथे साक्षी दिल्या. पुढे 1920 च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने शेटलंडमधल्याच फेअर आयल बेटाचा नक्षीदार स्वेटर घातला आणि ती नक्षी जगभर फॅशन झाली. नाव कुणाचं झालं, हे मला वेगळं सांगायला नको.

पण तिथून मी जे घेऊन आले ते नक्षीचं नव्हतं. माझं एक डिझाइन घरी अडकलं होतं. 16 टाक्यांची वीण, 240 मध्ये बरोबर 15 वेळा बसते, पण पुढचं माप 5 सेंटिमीटरने मोठं, म्हणजे 252 टाके, आणि 252 ला 16 ने भाग जात नाही. 256 घेतले तर माप जवळजवळ 107 होतं, तेही नको. चिठ्ठी, "252." लर्विकला एका वर्गात शेजारच्या बाईंनी त्यांच्या आजीचा जुना स्वेटर आणला होता आणि सगळे पुढची नक्षी बघत असताना त्यांनी तो सरळ उलटा केला आणि काखेखाली दाखवलं. तिथे दोन्ही बाजूंना शिवणीसारखी दिसणारी उभी रेघ होती. स्वेटर गोल विणलेला, शिवण नाहीच, पण ती रेघ मुद्दाम ठेवलेली, आणि नक्षी पुढच्या भागाच्या मधोमध धरून दोन्हीकडे पसरत त्या रेघेपाशी येऊन थांबते, पूर्ण असो नाहीतर अर्धी. काखेखाली कोण बघतंय! मी तिथल्या तिथे वहीत गणित मांडलं, प्रत्येक बाजूला 6 टाके उलटे, झाले 12, मधली नक्षी 240 वर जशीच्या तशी. कित्येक महिने मी ज्या आकड्यावर अडले होते तो सुटला, आणि तो सुटला कारण मी ते काम पूर्ण करायच्या नादात कसंतरी 256 वर ढकललं नव्हतं. घरी थांबलेला प्रश्न असला की परक्या ठिकाणी नजर कुठे ठेवायची ते कळतं. रिकाम्या मनाने गेले असते तर मीही पुढची नक्षीच बघत बसले असते.

सध्या ज्यात जीव अडकलाय ते काम आहे घरचं, म्हणजे आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. इतकी वर्षं मी ऑस्ट्रेलियाची मेरिनो आणि लुधियानाचे गुंडे विणले आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या माळावर धनगरांची मेंढरं चरतायत, त्यांच्या लोकरीला विचारत नव्हते. वर्षातून दोनदा कातरणी होते. त्या लोकरीचं सूत काढून सनगर लोक खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ लावतात. आता घोंगडी घेणारे कमी झाले आणि पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर अक्षरशः टाकून देतात. ही लोकर जाड, केसाळ, टोचणारी, गळ्याशी घालवत नाही. हे मान्य. पण तिचा काळा रंग न रंगवता काळा आहे, आणि ती झिजत नाही.

मी कोल्हापूरकडच्या एका धनगर काकींकडून सूत घेतलं. घोंगडीसाठी काढलेलं, त्यामुळे पीळ भरपूर, सुईवर घेतलं की विणलेला तुकडा एका बाजूला तिरका व्हायला लागला. एकेरी धाग्यात पीळ जास्त असला की असं होतं. त्यांना म्हटलं, पीळ कमी करून जाड काढता येईल का. "एवढं सैल काढलं तर तुटतंय की ओ," म्हणाल्या, आणि तरी चरख्यावर बसल्या. तुटलं. परत जोडलं. संध्याकाळपर्यंत चांगला मोठा गुंडा झाला आणि त्या स्वतःच तो दाबून दाबून बघत होत्या. त्याचं जॅकेट सुरू केलंय, आत सुती शर्ट घालून वरून घालायचं, 5 मिलिमीटरच्या सुईवर, पाठ झाली आहे. पुढचं थांबलंय, आणि चिठ्ठीवर या वेळी दोन प्रश्न आहेत. एक, पॅटर्न काढला तर लोकरीच्या जागी काय लिहायचं, कारण हे सूत कुठल्याच दुकानात मिळणार नाही. दोन, पॅटर्नच्या प्रत्येक विक्रीतला काकींचा वाटा कसा ठरवायचा. किलोमागे सुताचे पैसे देणं सोपं आहे, ते मी देतेच, पण लाहौलच्या टोपीचा हिशोब इथे लागू होत नाही असं मी कसं म्हणू? पहिल्यावर माझं उत्तर बहुतेक असं की सूत आणि पॅटर्न एकत्रच विकायचे, पाकिटात घालून, थोडेच, जितकं सूत निघेल तितके. दुसऱ्यावर काकींशी बोलायचंय, त्यांच्या मुलालाही बसवून, कागदावर आकडे मांडून. दिवाळीच्या सुमारास कातरणी आहे. काळं जास्त आणि करडं थोडं बाजूला ठेवते म्हणाल्यात, तोवर मला बाह्यांची गणितं सगळ्या मापांना लावून तयार ठेवायचीत.